पुण्यात रोज कानावर पडणारं ‘कमिन्स’ हे नाव नक्की कोणाचं? ट्रकच्या इंधनाचा दाब आणि एका आठवी पास मेकॅनिकची गोष्ट

पुण्यात राहत असाल तर ‘कमिन्स’ हे नाव तुम्ही हजार वेळा ऐकलं असेल. कर्वेनगरला मुलींचं कमिन्स इंजिनिअरिंग कॉलेज आहे. कोथरूडची कमिन्स कंपनी तर जुन्या पुणेकरांच्या तोंडात बसलेली. सोसायटीतली लाईट गेली की खाली जो जनरेटर धडधडायला लागतो, त्याच्या अंगावरही बऱ्याचदा हेच नाव दिसतं.

पण कमिन्स म्हणजे कोण? गाव आहे, कंपनी आहे की माणूस?

तर कमिन्स हा एक माणूस होता. क्लेसी लाईल कमिन्स. अमेरिकेतल्या एका शेतकरी घरातला, जेमतेम आठवीपर्यंत शिकलेला मुलगा. आज जगभरातल्या हायवेवर मोठमोठे ट्रक डिझेलवर धावतात, त्यात या माणसाचा वाटा फार मोठा आहे.

त्याची गोष्ट सांगायला आणखी एक कारण आहे. तुमच्या ओळखीत कोणी ट्रकवाला असेल तर त्याला विचारा. गाडी घाटात दम टाकते, पिकअप नाही, अशी तक्रार घेऊन गॅरेजमध्ये गेलं की कोणीतरी हमखास सल्ला देतं, पंपाचं सील तोडू, डिझेल थोडं वाढवू, गाडी पळायला लागेल. कंपनीने ठरवून दिलेला इंधनाचा दाब बदलायचा, बस्स! आणि खरंच, गाडी पळायला लागते. मग कंपनीने तो आकडा कमी का ठेवलेला असतो? कंजूषपणा म्हणून? की त्यामागे काही हिशोब असतो?

या हिशोबामागे क्लेसीचं जवळपास अख्खं आयुष्य गेलं. चला, सुरुवातीपासून बघू.

शाळा आठवीपर्यंत, हात मात्र कायम काळे

क्लेसीचा जन्म २७ डिसेंबर १८८८ चा, अमेरिकेच्या इंडियाना राज्यातला. हा सगळा शेतीचा मुलूख. घरची परिस्थिती साधीच. शाळेत त्याचं मन फारसं रमलं नाही आणि आठवीनंतर शिक्षण सुटलं.

पण पोराचं डोकं यंत्रात जबरदस्त चालायचं. वयाच्या अकराव्या वर्षी त्याने स्वतःच्या हाताने चालतं वाफेचं इंजिन बनवलं. त्यासाठी लाकडाचे साचे कोरले आणि त्यात वितळलेलं लोखंड ओतून भाग तयार केले. आपण त्या वयात सायकलची चेन बसवता आली तरी खूश व्हायचो!

इंजिनिअरिंगची डिग्री त्याच्याकडे कधीच नव्हती. पुढे त्याच्या नावावर ३३ अमेरिकन पेटंट जमा झाली, हे मात्र लक्षात ठेवा.

बँकेचा मालक आणि त्याचा ड्रायव्हर

१९०८ मध्ये क्लेसीला इंडियानातल्याच कोलंबस नावाच्या गावात नोकरी लागली. (हो, ओहायो राज्यातलं मोठं कोलंबस शहर वेगळं, हे छोटं गाव वेगळं.) मालकाचं नाव विल्यम ग्लॅंटन अर्विन. गावातलं बडं प्रस्थ, बँकेचा मालक. क्लेसीचं काम होतं अर्विनची गाडी चालवायची आणि ती ठणठणीत ठेवायची. म्हणजे ड्रायव्हर कम मेकॅनिक.

त्या काळी मोटार म्हणजे रोज काहीतरी बिघडणारं प्रकरण. त्यामुळे ड्रायव्हरला यंत्राची नस माहीत असावीच लागायची. क्लेसीला ती माहीत होती. १९११ मध्ये इंडियानापोलिसची ५०० मैलांची प्रसिद्ध शर्यत पहिल्यांदा झाली, तेव्हा जिंकलेल्या रे हॅरूनच्या मार्मन गाडीच्या मदतनीस ताफ्यात क्लेसी होता.

अर्विनने आपल्या ड्रायव्हरची ही हुशारी ओळखली. त्याने क्लेसीला गॅरेजमध्येच छोटं वर्कशॉप टाकू दिलं. पहिल्या महायुद्धाच्या काळात या वर्कशॉपला लष्कराच्या गाड्यांच्या चाकांचे हब बनवायचं काम मिळालं. युद्ध संपल्यावर आता पुढे काय, असा प्रश्न आला. क्लेसीच्या डोक्यात तेव्हा एकच गोष्ट घोळत होती, डिझेल इंजिन.

३ फेब्रुवारी १९१९ रोजी कमिन्स इंजिन कंपनी सुरू झाली. पैसा मालकाचा, नाव ड्रायव्हरचं. आपल्याकडे असं कधी घडल्याचं आठवतंय का?

डिझेल इंजिनाची खरी डोकेदुखी

इथे दोन मिनिटं थांबून थोडं तांत्रिक समजून घेऊ, म्हणजे पुढची गोष्ट सोपी जाईल.

पेट्रोलच्या इंजिनात स्पार्क प्लग असतो. तो ठिणगी पाडतो आणि इंधन पेटतं. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. तिथे पिस्टन हवेला इतकं दाबतो की ती दाबानेच प्रचंड तापते. सायकलचा पंप जोरात मारल्यावर खालून गरम लागतो, तसंच. फक्त कितीतरी पटीने जास्त. त्या तापलेल्या हवेत डिझेल फवारलं की ते आपोआप पेट घेतं.

रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअरने १८९७ मध्ये हे इंजिन चालवून दाखवलं. इंधन कमी लागायचं आणि ताकद भरपूर मिळायची. पण एक मोठी अडचण होती. सिलिंडरमध्ये हवा आधीच भयंकर दाबाखाली असते. तिथे डिझेल आत ढकलायचं तर त्याहून जास्त दाब हवा. शिवाय प्रत्येक वेळी थेंबभर, मोजून मापून, नेमक्या क्षणी ते आत गेलं पाहिजे, आणि हे मिनिटाला शेकडो वेळा व्हायला हवं.

सुरुवातीच्या इंजिनांना यासाठी वेगळा मोठा कॉम्प्रेसर जोडावा लागायचा. त्यामुळे हे इंजिन कारखान्यात आणि जहाजावर ठीक होतं. रस्त्यावरच्या गाडीत कोण बसवणार ते धूड?

म्हणजे ट्रकमध्ये डिझेल इंजिन बसवायचं तर प्रश्न होता इंधनाच्या दाबाचा आणि मापाचा. क्लेसीने हाच प्रश्न उचलला.

शेतकऱ्यांनी वापरली आणि परत पाठवली!

कंपनीने सुरुवात केली ती हविड नावाच्या तंत्राचा परवाना घेऊन. त्यात मोठ्या दाबाचा पंपच नव्हता. इंधन एका छोट्या वाटीसारख्या भागात पडायचं, तिथेच थोडं पेटायचं आणि त्या जोराने उरलेलं इंधन बाहेर फेकलं जायचं. स्वस्त आणि साधं, पण भरवशाचं नाही.

तरीही नशीब उघडल्यासारखं वाटलं. सीअर्स रोबक ही अमेरिकेतली तेव्हाची सगळ्यात मोठी कॅटलॉगवाली कंपनी. आजच्या ऑनलाइन शॉपिंगसारखं, कॅटलॉग बघून पत्राने ऑर्डर द्यायची आणि माल घरी यायचा. सीअर्सने कमिन्सकडून शेतीसाठी छोट्या इंजिनांची मोठी ऑर्डर दिली.

सीअर्सची एक स्कीम होती, माल आवडला नाही तर पैसे परत. शेतकऱ्यांनी डोकं लावलं. हंगामाआधी इंजिन मागवायचं, हंगामभर वापरायचं आणि काम संपलं की नापसंत म्हणून परत पाठवायचं! त्यात इंजिनांतही दोष होतेच. परत आलेल्या इंजिनांचा ढीग लागला आणि कंपनी बुडायच्या बेताला आली.

अर्विनने पुन्हा पैसे घातले. क्लेसीने पुन्हा पाटी कोरी केली. आता त्याला एक गोष्ट पक्की कळली होती. इंधन आत कसं जातं यावर ताबा नसेल तर बाकी इंजिन कितीही चांगलं बनवा, उपयोग शून्य.

पुढची काही वर्षं त्याने इंजेक्टरवरच घालवली. त्याची कल्पना अशी होती की इंधन पंपापासून इंजेक्टरपर्यंत कमी दाबाने न्यायचं. प्रचंड दाब तयार करायचा तो थेट सिलिंडरच्या तोंडाशी, इंजेक्टरमध्येच. इंजिनातला कॅम एका दांडीमार्फत इंजेक्टरमधला छोटा दट्ट्या खाली दाबणार आणि डिझेलचा फवारा उडणार. लांबलचक नळ्यांमधून मोठा दाब खेळवायची भानगडच नाही.

नाताळच्या दिवशी मालकाला फेरी

१९२९ साल. ऑक्टोबरमध्ये अमेरिकेचा शेअर बाजार कोसळला. कमिन्स कंपनीला दहा वर्षं झाली होती आणि नफ्याचं नाव नव्हतं. अशा वेळी कुठलाही शहाणा माणूस दुकान बंद करेल.

क्लेसीने एक जुनी पॅकार्ड लिमोझिन घेतली. तिचं पेट्रोल इंजिन काढलं आणि स्वतःच्या कंपनीचं डिझेल इंजिन जेमतेम जागेत बसवलं. नाताळच्या दिवशी तो अर्विनच्या दारात गाडी घेऊन हजर झाला आणि मालकाला फेरी मारून आणली. ज्याची गाडी चालवायला तो २१ वर्षांपूर्वी नोकरीला लागला होता, त्यालाच आता तो स्वतः बनवलेल्या इंजिनाच्या गाडीतून फिरवत होता. अर्विनने कंपनी बंद केली नाही.

लगेच जानेवारी १९३० मध्ये क्लेसी तीच पॅकार्ड घेऊन इंडियानापोलिसहून न्यूयॉर्कच्या मोटार प्रदर्शनाला निघाला. सुमारे ८०० मैल, म्हणजे जवळपास १३०० किलोमीटर. डिझेलचा खर्च किती? फक्त १ डॉलर ३८ सेंट!

मंदीत होरपळणाऱ्या अमेरिकेत हा आकडा बातमी झाला नसता तरच नवल. जाहिरातीला पैसे नव्हते, मग क्लेसीने विक्रमांनाच जाहिरात बनवलं. आजच्या भाषेत सांगायचं तर तो व्हायरल होणं शिकला.

१९३१ मध्ये त्याने डिझेल इंजिन लावलेली ड्युसेनबर्ग गाडी इंडियानापोलिसच्या शर्यतीत उतरवली. डेव्ह इव्हान्स चालवत होता. गाडी पहिली आली नाही, तेरावी आली. तरी चर्चा तिचीच झाली. कारण बाकीचे इंधनासाठी थांबत होते आणि ही गाडी पूर्ण ५०० मैल एकदाही न थांबता धावली. त्या शर्यतीच्या इतिहासात असं पहिल्यांदाच घडलं होतं.

उतारावर ब्रेक गेले आणि समोर मालगाडी

त्याच वर्षी क्लेसीने आणखी एक धाडस केलं. इंडियाना कंपनीच्या ट्रकमध्ये आपलं डिझेल इंजिन बसवून न्यूयॉर्क ते लॉस एंजेलिस, अमेरिकेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. पाच हजारांहून जास्त किलोमीटर. डिझेलचा एकूण खर्च ११ डॉलर २२ सेंट.

आकडा झकास होता. पण या प्रवासात तिघांचा जीव जाता जाता वाचला.

कॅलिफोर्नियात काहोन पास नावाचा घाट आहे. ट्रक तो घाट उतरत होता. ब्रेक तापले आणि पकड गेली. आपल्याकडे कसारा किंवा बोरघाट उतरताना लायनर तापून ब्रेक लागेनासे होतात, तसंच. भरधाव ट्रक, खाली रेल्वे फाटक आणि फाटकातून मालगाडी चाललेली. शेवटचा डबा पार होतो न होतो तोच ट्रक त्याच्यामागून रूळ ओलांडून गेला. अंतर इंचांत मोजावं इतकंच.

क्लेसी वाचला, पण तो उतार त्याच्या डोक्यातून गेला नाही. आपण इंजिनाला ओढायला शिकवलं, थांबवायला मात्र शिकवलं नाही, ही बोच त्याला पुढची पंचवीस वर्षं राहिली. ही गोष्ट लक्षात ठेवा, आपण परत इथे येणार आहोत.

१९३३ मध्ये कंपनीने मॉडेल एच हे ट्रकसाठीचं दणकट इंजिन आणलं. ट्रकवाले हळूहळू पेट्रोलकडून डिझेलकडे वळले. आणि १९३७ मध्ये, स्थापनेनंतर तब्बल १८ वर्षांनी, कमिन्स कंपनीला पहिल्यांदा नफा झाला!

दाब आणि वेळ, बाकी काही नाही

आता येऊ त्या स्क्रूकडे, जिथून आपण सुरुवात केली.

क्लेसीच्या इंजेक्टरची कल्पना कंपनीत वाढत गेली आणि १९५४ मध्ये कमिन्सने पीटी नावाची इंधनव्यवस्था बाजारात आणली. पी म्हणजे प्रेशर, दाब. टी म्हणजे टाइम, वेळ. आपल्याकडेही कमिन्सच्या जनरेटरवर आणि खाणीतल्या डंपरवर काम केलेल्या जुन्या मेकॅनिकला ‘पीटी पंप’ म्हटलं की लगेच कळतं.

तत्त्व इतकं सोपं की घरातल्या नळावरून समजेल. बादलीत किती पाणी जमेल? दोन गोष्टींवर अवलंबून. नळाला प्रेशर किती आणि नळ किती वेळ उघडा. पीटीमध्ये हेच आहे. पंप कमी दाबाने डिझेल पाठवतो. इंजेक्टरमध्ये एक बारीक भोक आहे, ते ठरावीक वेळ उघडं राहतं. जेवढा दाब आणि जेवढा वेळ, तेवढं डिझेल आत जमतं. मग कॅम दट्ट्या दाबतो आणि तेवढंच डिझेल सिलिंडरमध्ये फवारलं जातं.

आता गंमत बघा. इंजिन जोरात फिरायला लागलं की भोक उघडं राहायचा वेळ कमी होतो. म्हणजे दाब तोच राहिला तर डिझेल कमी पडणार. म्हणून वेग वाढेल तसा दाबही वाढवावा लागतो, पण किती वाढवायचा यावर लगाम हवा. हे काम करतो पंपातला रेग्युलेटर. कुठल्या वेगाला किती दाब, हे त्यातली स्प्रिंग, छोटी बटणं आणि बारीक चकत्या ठरवतात. कारखान्यातून इंजिन बाहेर पडतं तेव्हा हा दाब टेस्ट बेंचवर मोजून लावलेला असतो आणि वर सील मारलेलं असतं.

म्हणजे या इंजिनात इंधनाचा दाब हाच ताकदीचा लगाम. दाब वाढवला की डिझेल जास्त जातं आणि ताकद वाढते. म्हणूनच हात शिवशिवतात!

मग दाब वाढवला तर बिघडतं कुठे?

डिझेल जळायला हवा लागते. इंजिन एका वेळी ठरावीकच हवा आत घेऊ शकतं. कारखान्यातला आकडा या हवेच्या हिशोबाने ठरलेला असतो.

तुम्ही फक्त डिझेल वाढवलं आणि हवा तेवढीच राहिली, तर सुरुवातीला थोडी ताकद वाढते. त्यानंतर जास्तीचं डिझेल नीट जळत नाही. सायलेन्सरमधून काळा धूर निघतो. तो धूर म्हणजे तुमच्या खिशातले पैसे हवेत उडत असतात. बाहेर पडणाऱ्या वायूचं तापमान चढतं. चढावर लोड घेऊन बराच वेळ गाडी ओढली की पिस्टनचा माथा वितळू शकतो, व्हॉल्व जळतात, टर्बोवर ताण येतो. न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून ऑइल पातळ करतं. शिवाय गिअरबॉक्स, क्लच, जॉइंट हे सगळं जुन्या ताकदीच्या हिशोबाने बनवलेलं असतं, ते वेगळंच.

आणि सगळ्यात मोठा धोका म्हणजे हे नुकसान लगेच दिसत नाही. पहिल्या महिन्यात गाडी झकास पळते. बिल नंतर येतं.

मग पिकअप कमी असेल तर आधी काय बघायचं? एअर फिल्टर तुंबलाय का, डिझेल फिल्टर कधी बदललाय, नळीत कुठे हवा शिरतेय का, टर्बोचा पाइप सैल झालाय का, इंजेक्टर नीट फवारतोय का. बहुतेक वेळा रोग इथेच सापडतो. यातलं काही न बघता थेट दाब वाढवणं म्हणजे ताप का आला ते न शोधता गोळी वाढवण्यासारखं. पंपाला हात लावायचाच असेल तर तो टेस्ट बेंचवर, गेज लावून आणि कंपनीच्या आकड्यांशी ताडून. अंदाजाने आटे फिरवून नाही.

याचं सगळ्यात भारी उदाहरण खुद्द कमिन्सच्या इतिहासात आहे.

१९५२ ची इंडियानापोलिस शर्यत. क्लेसीचा भाऊ डॉन याच्या देखरेखीखाली कंपनीने खास डिझेल रेसिंग कार बनवली. तिला टर्बोचार्जर होता आणि पीटी व्यवस्थाही, बाजारात येण्याआधीच. फ्रेड अगबाशियन चालक. पात्रता फेरीत या डिझेल गाडीने ताशी सुमारे २२२ किलोमीटरचा वेग नोंदवून सुरुवातीच्या रांगेत पहिलं स्थान पटकावलं!

प्रत्यक्ष शर्यतीत मात्र ७१ व्या फेरीला गाडी बाहेर पडली. कशामुळे? टर्बोची हवा घ्यायची जागा अगदी खाली होती. तिथे ट्रॅकवरचा टायरच्या रबराचा कचरा अडकला आणि हवा कोंडली. इंधनव्यवस्था होती, ताकद होती, जगातले उत्तम इंजिनिअर होते. हवा संपली आणि खेळ संपला.

म्हातारपणी सोडवलेलं जुनं कोडं

१९५५ मध्ये क्लेसी कंपनीतून निवृत्त झाला आणि कॅलिफोर्नियात राहायला गेला. वय ६६. नाव झालं होतं, पैसा होता. आराम करायला हरकत नव्हती.

पण काहोन पासचा तो उतार डोक्यात होताच.

त्याने विचार केला, पिस्टन हवा दाबतो तेव्हा त्याला जोर लावावा लागतो. म्हणजे गाडीचा वेग थोडा खर्च होतो. पण दाबलेली हवा स्प्रिंगसारखी पिस्टनला परत ढकलते आणि खर्च झालेला जोर परत मिळतो. सायकलच्या पंपाचं तोंड अंगठ्याने बंद करून दांडा दाबून बघा, दांडा परत वर येतो. आता दांडा पूर्ण दाबल्यावर अंगठा काढला तर? फुस्स! हवा गेली, दांडा परत येत नाही. तुमचा जोर वाया गेला.

ट्रक थांबवायचा असेल तर हाच वाया जाणारा जोर उपयोगाचा. पिस्टन वर पोचता पोचता एक्झॉस्ट व्हॉल्व उघडायचा आणि दाबलेली हवा सोडून द्यायची. मग तेच इंजिन ट्रकला मागे खेचायला लागेल आणि ब्रेक थंड राहतील.

प्रश्न एकच होता, व्हॉल्व बरोबर त्याच क्षणी उघडायचा कसा? उत्तर त्याच्याच जुन्या इंजिनात दडलेलं होतं. कमिन्सच्या इंजिनात इंजेक्टर दाबणारी दांडी नेमकी त्याच वेळी हलते, पिस्टन वर पोचत असताना! क्लेसीने त्या हालचालीचा जोर तेलाच्या दाबाने एक्झॉस्ट व्हॉल्वपर्यंत पोचवला. जी दांडी इंजिनाला ताकद द्यायला इंधन ढकलायची, तिच्याच जोरावर आता ट्रक थांबणार होता.

इंजिन बनवणाऱ्या कंपन्यांनी सुरुवातीला हे घेतलं नाही. त्याच्या नावाच्या कंपनीनेही नाही! शेवटी ड्रिल मशीनचे चक बनवणाऱ्या जेकब्स कंपनीने ही कल्पना उचलली आणि १९६१ मध्ये हा इंजिन ब्रेक बाजारात आला. अमेरिकेतले ड्रायव्हर त्याला आजही ‘जेक ब्रेक’ म्हणतात. म्हणजे या शोधावर क्लेसीचं नाव राहिलंच नाही. उतारावर वाचलेले ड्रायव्हर मात्र राहिले.

१७ ऑगस्ट १९६८ रोजी क्लेसी कमिन्सचं निधन झालं.

पुण्याशी नातं आणि आपल्यासाठी धडा

क्लेसी निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी, १९६२ मध्ये, पुण्यात किर्लोस्कर कमिन्स कंपनी सुरू झाली. शंतनुराव किर्लोस्करांच्या उद्योगसमूहाने अमेरिकन कंपनीशी हातमिळवणी केली आणि कोथरूडला ही इंजिनं बनू लागली. पुढे किर्लोस्कर हे नाव गेलं आणि कमिन्स इंडिया राहिलं. १९९१ मध्ये महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेने मुलींसाठी इंजिनिअरिंग कॉलेज सुरू केलं, त्यालाही हेच नाव मिळालं. आठवीनंतर शाळा सुटलेल्या माणसाचं नाव आज हजारो मुलींच्या डिग्रीवर आहे.

आजच्या ट्रकमध्ये स्क्रू आणि चकत्यांची जागा कॉम्प्युटरने घेतली आहे. कॉमन रेल इंजिनात इंधनाचा दाब दीड हजार बारच्याही पुढे जातो. तुमच्या कारच्या टायरमध्ये तो जेमतेम दोन-अडीच बार असतो, यावरून अंदाज घ्या. सील तोडण्याऐवजी आता लॅपटॉप जोडून आकडे बदलले जातात. मोह तोच आणि गणितही तेच. डिझेल वाढवाल, पण हवा कुठून आणाल?

आणि उताराचं काय? पुण्याच्या नवले पुलाजवळ ब्रेक निकामी झालेल्या ट्रकने गाड्या उडवल्याच्या बातम्या आपण पुन्हा पुन्हा वाचतो. डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रल करणारे आजही आहेत. न्यूट्रल केली की इंजिन चाकांपासून तुटतं, इंजिनाचा रोध संपतो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. काहोन पासला तापलेल्या ब्रेकने क्लेसीला जे शिकवलं, ते आपण रोज विसरतो.

क्लेसीने आयुष्यभर इंजिनाची ताकद वाढवली. पण म्हातारपणी तो ज्या कामाकडे परत वळला, ते ट्रक थांबवण्याचं होतं. म्हणून पुढच्या वेळी गॅरेजमध्ये कोणी दाब वाढवून देतो म्हणालं तर आधी दोन प्रश्न विचारा. वाढलेल्या डिझेलला पुरेल एवढी हवा आहे का? आणि वाढलेल्या वेगाला पुरेल एवढा ब्रेक आहे का?

तुमच्या घरात, मित्रांत कोणी ट्रक चालवत असेल तर ही गोष्ट त्यांच्यापर्यंत नक्की पोचवा. आणि कमिन्स कॉलेजची एखादी मैत्रीण असेल तर तिला टॅग करून विचारा, कमिन्स म्हणजे कोण हे तिला माहीत होतं का?